पहिल्या इंजेक्शनच्या आधी

आत्याच्या थुंकीचा कल्चर रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातलं मोठं नाव मला अक्षरं जुळवत वाचावं लागलं. मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस. खोकला महिनोन् महिने चालू होता, वजन उतरलं होतं, मधूनच थुंकीत रक्ताची रेघ दिसायची. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले म्हणून सगळ्यांच्या तोंडी क्षयाचं नाव आलं, पण सीबीनॅटच्या तपासणीत क्षयाचा जंतू काही सापडेना. मग थुंकी दिल्लीला गेली आणि उत्तर आलं की जंतू क्षयाच्याच कुळातला आहे, पण क्षयाचा नाही. हा माती-पाण्यात राहतो आणि एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. आधीच अशक्त झालेल्या फुप्फुसात मात्र ठाण मांडून बसतो आणि बहुतेक औषधांना दाद देत नाही.

छातीच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील आणि त्यांच्या जोडीला काही आठवडे, कदाचित काही महिने, शिरेतून अमिकासिनचं इंजेक्शन. पुढचं वाक्य ते सहज बोलून गेले. "पहला इंजेक्शन लगने से पहले कान की जाँच करवा लीजिए." फुप्फुसाच्या आजारात कानाचा संबंध कुठून आला हे मला कळेना. मी तिथल्या तिथे दोनदा विचारलं. "यह दवा कान पर असर कर सकती है," ते म्हणाले, "और जो जाता है, वापस नहीं आता."

हे वाक्य माझ्यापेक्षा आत्याच्या जिव्हारी लागलं असणार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात ती कित्येक वर्षं गाणं शिकवते आहे. तिचं स्वतःचं शिक्षण माधव संगीत महाविद्यालयातलं. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने भातखंड्यांनी १९१८ साली सुरू केलेली ही शाळा. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात वाढलेल्या बाईला कान जाऊ शकतो असं सांगणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी स्वतःहून खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या बाजूला वळून बसले. आत्याने एवढंच विचारलं, "दवा बदल सकते हैं क्या?" ते म्हणाले, या जंतूवर चालणारी औषधं मोजकीच आहेत. सुरुवात याच औषधाने करायची, पण डोळे उघडे ठेवून.

डोळे उघडे ठेवायचे म्हणजे काय करायचं, हे मी तिथून पुढे शिकत गेले. मी वाणिज्य शाखेची, बँकेत नोकरी करणारी. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या आकृत्यांपुरताच.

कान तपासणीची खोली लहान होती. भिंतींना छिद्राछिद्रांचे जाड फळे, दार लावलं की रस्त्यावरच्या टेम्पोंचा आवाज एकदम नाहीसा होई. आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. काचेच्या या बाजूला ऑडिओलॉजिस्ट मुलगी आणि मी. "माताजी, जितनी भी धीमी सीटी सुनाई दे, बटन दबाइए." आत्या डोळे मिटून बसली होती. मुलगी एकेक आवाज बारीक करत न्यायची, आत्याचं बटण थांबलं की कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली.

बाहेर आल्यावर आत्या मला मराठीत म्हणाली, "अगं, ही तर सगळे कोमल गंधारच वाजवत होती. मधे एखादा दुसरा स्वर, पण फिरून कोमल गंधार."

मी तेव्हा मान डोलावली आणि घरी येऊन हिशोब केला. आत्याचा षड्ज काळी चारचा, साधारण २०८ हर्ट्झ. तपासणीतला पहिला मोठा टप्पा २५० हर्ट्झचा. २०८ च्या सव्वापटीला किंचित कमी, म्हणजे खरोखरच तिचा कोमल गंधार. त्यापुढे ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, प्रत्येक वेळी दुप्पट. एकच स्वर पाच सप्तकं वर चढत गेलेला. त्या कागदावरचा आलेख मला इथे पहिल्यांदा उलगडला. डावीकडून उजवीकडे स्वर उंच होत जातो आणि वरून खाली यावं तसा आवाज मोठा करावा लागतो. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. बँकेत मी पाहते त्या आलेखांत रेघ वर जाणं म्हणजे आकडा वाढणं, इथे खाली जाणं म्हणजे वाढणं. हे मनात बसायला वेळ लागला.

त्याच हिशोबातून दुसरी गोष्ट दिसली आणि ती बघून मी हादरले. आत्या तार सप्तकातल्या पंचमापर्यंत गेली तरी तो स्वर सव्वासहाशे हर्ट्झच्या आसपासचा. आपलं बोलणं, त्यातले 'स', 'श', 'फ' असे वाऱ्यासारखे वर्णसुद्धा, मुख्यतः ८००० च्या आतलेच. आणि हे औषध कानाला खायला सुरुवात करतं ती बहुधा त्याच्याही वरून. म्हणजे माणूस गातो, तंबोरा लावतो, फोनवर गप्पा मारतो, 'मला नीट ऐकू येतं' असं मनापासून सांगतो, आणि तरी वरचा काठ झिजायला लागलेला असू शकतो. त्याला ते कळण्याचा काही मार्गच नसतो. कळतं तेव्हा झीज खाली उतरून बोलण्यापर्यंत पोचलेली असते.

असं वरूनच का, हे समजून घ्यायला मला आतल्या कानात उतरावं लागलं. कर्णावर्त नावाची ती गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली नळी. तिच्यात केसपेशींच्या रांगा असतात. माणसाच्या एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२,०००. त्यांच्या माथ्यावर अतिसूक्ष्म तंतूंचा झुपका असतो. आवाजाने द्रव हलला की झुपका झुकतो, तंतूंच्या टोकाशी असलेली सूक्ष्म द्वारं उघडतात, विद्युतभार आत शिरतो आणि तिथून मेंदूकडे निरोप जातो. नळीच्या तोंडाशी उंच स्वर, आतल्या टोकाशी खर्ज.

अमिकासिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही सगळी एका घरातली औषधं, अमिनोग्लायकोसाइड गटातली. त्यांचे रेणू धनभारित असतात. केसपेशींच्या वरचा द्रव सुमारे ८० मिलिव्होल्टने धन आणि पेशीच्या आतला भाग ऋण. त्यामुळे आवाज ऐकण्यासाठी उघडणाऱ्या त्याच द्वारातून औषध आत ओढलं जातं. पुढचं काम उंदराच्या सापळ्यासारखं: आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. पेशीच्या ऊर्जाघरांत, मायटोकॉन्ड्रियात, बिघाड होतो, घातक ऑक्सिजन-संयुगं साठतात, पेशी मरते. नळीच्या तोंडाशी असलेल्या बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी आधी जातात, म्हणून उंच स्वर आधी जातात. माणसात आणि सगळ्याच सस्तन प्राण्यांत गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते, माशात उगवते. पक्ष्यांच्या बाबतीतला हा शोध १९८० च्या दशकाच्या शेवटी लागला आणि तेव्हापासून माणसात हे कसं घडवता येईल यावर काम सुरू आहे.

औषध पेशीत अडकून राहतं म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंजेक्शन थांबल्यावरही काही आठवडे नुकसान पुढे सरकू शकतं. कान तपासायचे ते सुरू करण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावरही.

हे सगळं आजचं ज्ञान नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुणाने शोधलं. क्षयावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. दोनच वर्षांत, क्षयरोग्यांना ते देऊन पाहणाऱ्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी नोंदवलं की रोग्यांचा तोल जातो आहे, कानावर परिणाम होतो आहे. पुढे आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं, मग स्ट्रेप्टोमायसिनही. त्या औषधांनी लाखो जीव वाचवले, यात शंका नाही. आत्याचाही इलाज याच घराण्यातल्या औषधावर उभा आहे, म्हणून मी त्याला शत्रू म्हणू शकत नाही.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न मला अगदी अनपेक्षित होता. "माताजी के मायके में, माँ की तरफ़, किसी को इंजेक्शन के बाद सुनना बंद हुआ था?"

आत्या थोडी थांबली आणि म्हणाली, झाशीच्या मावशीला. ही माझ्या आजीची धाकटी बहीण. पन्नासच्या दशकात तिला क्षय झाला होता, सुया घेऊन ती बरी झाली, पण नंतर तिच्याशी ओरडून बोलावं लागे. "आणि भिंत धरून चालायची गं. दिवे गेले की जागची हलायची नाही." हे ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तोलाचं इंद्रियही आतल्या कानातच आहे, तिथेही तशाच केसपेशी आहेत, आणि स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन तोलावर जास्त घाव घालतात. तोल गेलेला माणूस डोळ्यांच्या आधाराने चालतो, म्हणून अंधारात अडतो. अमिकासिन आणि कॅनामायसिनचा रोख जास्त करून ऐकण्यावर.

मावशीआजीचं तसं का झालं हे आता कोणी सांगू शकत नाही. त्या काळी औषध दिलंही जायचं महिनोन् महिने. पण एक शक्यता तपासण्यासारखी होती. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या जागी ए ऐवजी जी हे अक्षर असलं, तर अशा औषधाच्या थोड्या मात्रेनेही माणूस बहिरा होऊ शकतो. हे १९९३ मध्ये कळलं. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. असा बदल आजीकडे असता तर आत्याकडे आणि माझ्या बाबांकडेही आला असता. बाबांकडून तो माझ्यात उतरला नसता, आत्याच्या पुण्याच्या मुलीत मात्र उतरला असता, आणि तिच्या लेकरांतही. घराण्याचा असा वारसा मी कधी मोजला नव्हता. रक्त बाहेरगावी पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री मला मोठ्या वाटल्या. बदल आढळला नाही. पुण्याला फोन केला तेव्हा पलीकडून कितीतरी वेळ कोणी बोललं नाही, मग आत्येबहीण म्हणाली, "आईला सांग, निदान माझी काळजी नको करू."

आता कानाचं रक्षण करणारं काही औषध आहे का? नातेवाईकांचे सल्ले सुरू झाले होते. कोणी ब्राह्मी सांगितली, कोणी जीवनसत्त्वांच्या महागड्या कॅप्सूल. मी रात्री बसून वाचू लागले आणि जे सापडेल ते डॉक्टरांपुढे ठेवू लागले. त्यांनी मला एकदाही उडवून लावलं नाही.

सगळ्यात मोठी आशा वाटली ती ॲस्पिरिनची. चीनमध्ये जेंटामायसिन घेणाऱ्या १९५ रोग्यांवर झालेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीला नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत १३ टक्के लोकांचं ऐकणं कमी झालं, ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३ टक्के. घरोघरी मिळणारी स्वस्त गोळी! मी मोठ्या उमेदीने गेले. डॉक्टर म्हणाले, प्रयोग चांगला आहे, पण ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं आणि माताजींच्या थुंकीत रक्त येतं. त्यांना ते देता येणार नाही. माझी उमेद तिथे संपली. कागदावर उपयोगी ठरलेली गोष्ट समोरच्या माणसाला उपयोगी पडेलच असं नाही, हे मी त्या दिवशी नीट समजून घेतलं. सोडियम थायोसल्फेट नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तेही कान वाचवण्यासाठीच, पण ते कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिनपासून लहान मुलांचे कान वाचवण्यासाठी. आमच्या औषधासाठी नव्हे.

मग मला तो मासा भेटला. झेब्राफिश, बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसलेला, अंगावर निळे पट्टे. हा मूळचा आपल्याकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर जो ग्रंथ छापला त्यात त्याचं पहिलं वर्णन आहे. त्याच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या केसपेशींचे पुंजके असतात. माणसाच्या केसपेशी कवटीच्या सगळ्यात कठीण हाडात दडलेल्या, माशाच्या उघड्यावर. म्हणून सिॲटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले एडविन रुबेल आणि डेव्हिड रायबल यांनी पिल्लांच्या पाण्यात याच गटातलं निओमायसिन टाकलं, सोबत एकेक रसायन टाकून पाहिलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं की कोणत्या रसायनामुळे पेशी जगतात. असे जवळपास ११ हजार पदार्थ त्यांनी चाळले. त्यातून हाती आलेल्या एकावर पुढे रसायनशास्त्रज्ञांनी संस्कार केले आणि ओआरसी-१३६६१ हे औषध तयार झालं. ते केसपेशीचं ते द्वारच अडवतं, प्रतिजैविकाला आत शिरू देत नाही. उंदरांमध्ये त्याने ऐकणं वाचवलं आणि त्यानंतर माणसांवरच्या चाचण्यांकडे पावलं पडली. हे वाचताना माझा आवाज चढत गेला असावा, कारण आत्या आतल्या खोलीतून उठून आली.

दुसरीकडे स्टॅनफर्डला अँथनी रिची आणि ॲलन चेंग यांनी उलटी वाट धरली आहे. औषधाचाच रेणू असा बदलायचा की तो जंतूला मारेल पण केसपेशीच्या द्वारातून आत जाणार नाही. इंडियाना विद्यापीठात बो झाओ यांच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये दाखवलं की पेशीतलं रिपोर-टू नावाचं प्रथिन या औषधाला धरतं आणि पेशीची स्वतःची साफसफाईची यंत्रणा बिघडवतं. ते प्रथिन कमी असलेल्या उंदरांत कान टिकले. या सगळ्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण आत्याचं इंजेक्शन सोमवारी सुरू होणार होतं आणि यातलं काहीही औषधाच्या दुकानात मिळत नव्हतं.

मिळत होतं ते मोजमाप. पहिल्या केंद्रातलं यंत्र ८००० वर थांबायचं. सर्वसाधारण कामाला ते पुरतं, आमच्या कामाला नाही. विचारत विचारत १६,००० पर्यंत जाणारं यंत्र सापडलं. आत्याच्या वयाला १२,००० च्या पुढचं आधीच संपलेलं असतं, तसं तिचंही होतं. मुलीने मला समजावलं की रोग्याला ऐकू येणारी सगळ्यात उंच पट्टी शोधायची आणि तिच्या खालच्या सप्तकावर नजर ठेवायची. पहिला तडा तिथे जातो. एका ठिकाणी २० डेसिबलचा फरक, किंवा शेजारच्या दोन ठिकाणी १० चा, असा फरक पुन्हा तपासूनही कायम राहिला तर औषधाबद्दल डॉक्टरांना लगेच कळवायचं. ही कसोटी अमेरिकेच्या वाक्-श्रवण संघटनेने १९९४ मध्ये घालून दिली आणि अजूनही वापरात आहे.

त्याच मुलीने दुसरी एक तपासणी दाखवली जिच्यात आत्याला बटण दाबायचंच नव्हतं. कानात बारीक नळी बसवली, टकटक आवाज सोडले, आणि पडद्यावर कानातून परत येणारा आवाज उमटला. निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, बाहेरच्या केसपेशींच्या हालचालीमुळे स्वतःही बारीकसा आवाज सोडतो. हे १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलं. आत्या पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे कानसुद्धा गातो," ती म्हणाली, आणि तिने त्या मुलीला आवाज पुन्हा सोडायला सांगितला.

इंजेक्शनं चालू झाली. दर काही दिवसांनी क्रिएटिनिन, कारण औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि ते थकलं तर औषध रक्तात साठतं. पाणी भरपूर. सूज उतरवण्याची फ्युरोसेमाइडसारखी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, कारण दोन्ही मिळून कानाला जास्त मारतात. मोठ्या आवाजापासून लांब राहायचं. लग्नसराईत नया बाजारातून डीजेची वरात निघाली की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याच गटातली औषधं घेणाऱ्या ८७ रोग्यांचा अभ्यास मांडला होता. त्यात ३७ टक्के लोकांच्या कानांवर परिणाम झाला. औषध रोज दिलं की आठवड्यातून तीनदा, याने फारसा फरक पडला नाही. वय आणि शरीरात गेलेलं एकूण औषध यांनी पडला. म्हणून प्रत्येक आठवड्याला डॉक्टर तोच प्रश्न स्वतःला विचारत: अजून किती?

एका तपासणीत १०,००० आणि ११,२०० या दोन ठिकाणी रेघ १५ डेसिबलने खाली आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तेच. आत्याला काहीही जाणवत नव्हतं. कानात किर्र आवाज नाही, चक्कर नाही. त्या सकाळीच तिने दोन मुलींना भूप शिकवला होता. तरी मी कागद घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शिरेतून देणं थांबवलं, तेच औषध वाफेतून, नेब्युलायझरने फुप्फुसात द्यायला सुरुवात केली, म्हणजे रक्तात कमी जाईल, आणि जोडीची औषधं बदलली. पुढच्या तपासण्यांत रेघ तिथेच राहिली. ८००० च्या आतलं सगळं शाबूत. गेलेले ते उंच स्वर परत येणार नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं, आत्याला गाण्यात त्यांची गरज नसली तरी.

ज्यांच्यासाठी कोणी वेळेवर रेघ पाहिली नाही त्यांची आठवण या सगळ्यात सतत येत राहिली. मुंबईची नंदिता वेंकटेशन. आतड्याच्या क्षयावर उपचार चालू असताना २०१३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिचं ऐकणं गेलं. भरतनाट्यम शिकलेली मुलगी. ती पुन्हा नाचायला उभी राहिली, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले हिच्यासोबत, जिचे कानही क्षयाच्या उपचारात असेच गेले होते, तिने भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. हरकत होती बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला. ही गोळी असेल तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात कॅनामायसिनची सुई टाळता येते. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच कॅनामायसिन या उपचारातून काढा म्हणून सांगितलं होतं. २०२२ मध्ये तिने सहा महिन्यांच्या, फक्त गोळ्यांच्या उपचाराची शिफारस केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने त्याला मंजुरी दिली. केसपेशी वाचवण्याचा याहून मोठा उपाय आजवर मला कुठे वाचायला मिळाला नाही, आणि तो ज्या दोघींच्या लढ्याने जवळ आला त्या दोघींना त्याचा स्वतःसाठी काही उपयोग नव्हता.

मात्र जेंटामायसिन कुठे गेलेलं नाही, जाऊही नये. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की तेच पहिल्या औषधांपैकी एक. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये गावातल्या एएनएमनाही आजारी तान्ह्या बाळाला त्याचं इंजेक्शन द्यायची मुभा दिली, कारण उशीर झाला तर बाळ दगावू शकतं. ते बाळ बटण दाबू शकत नाही. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी बाळाच्या गालातून कापूस फिरवून १५५५ चा तो बदल २६ मिनिटांत ओळखणारं यंत्र वापरून दाखवलं, म्हणजे बदल असलेल्या बाळाला दुसरं प्रतिजैविक देता येतं आणि उपचारालाही उशीर होत नाही. आपल्या नवजात कक्षांमध्ये हे यंत्र यावं म्हणून मी आता जिथे संधी मिळेल तिथे बोलते. कान फुटलेला असताना दुकानातून निओमायसिनचे थेंब विकत आणून घालू नका, हेही बोलते.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा नातू वेळेआधी जन्मला आणि काही दिवस अतिदक्षता कक्षात होता. त्याला बघायला गेले तेव्हा मी त्याचं डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं. जेंटामायसिन, सात दिवस. कानाची तपासणी झाली का, या प्रश्नावर सून म्हणाली, "काकू, टाळी वाजवली की दचकतो की." टाळीत खर्जापासून वरपर्यंत सगळे आवाज असतात, त्यातला कोणताही एक पोचला तरी बाळ दचकेल, असं मी तिला सांगितलं. आत्याच्या आलेखाची प्रत पर्समध्ये होतीच. तिच्यावर बोट ठेवून बोलण्याचा भाग कुठे संपतो ते दाखवलं. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांची बेरा तपासणी करतात, बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून, त्याला त्रास होत नाही, हेही सांगितलं. तिने बाळ वहिनींच्या हातात दिलं आणि फोन घेऊन माझ्याकडून त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीच्या केंद्राचा नंबर लिहून घेतला. मंगळवारची वेळ मिळाली आहे. दूध पाजून, झोपेच्या वेळेला आणा, असं सांगितलंय.